दाराचे दोन कर्ण

प्रिय भिंगरी,

पत्र बघून तू आधी हसशील आणि मग वैतागशील. हातात फोन असताना बाबांना हे काय सुचलं, असं म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. परवा दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा म्हणालीस, बाबा, तुम्ही बातम्या फार बघता. दुसऱ्यांदा म्हणालीस, नववीच्या वह्या तपासायच्यात, आणि ठेवून दिलास. म्हणून दादाच्या जेवणाच्या टेबलाशी बसून, कानामागच्या त्याच चपट्या पेन्सिलीनं लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. त्याचं कारण वय नाही. मी घाबरलोय. अकरा दिवस पाऊस थांबलेला नाही, पालिकेनं तुमच्या गल्लीतल्या सत्तावीस घरांना जागा रिकामी करायची नोटीस दिलीय, आणि गल्ली हलायला तयार नाही, कारण गल्ली समितीची सेक्रेटरी हलायला तयार नाही. सेक्रेटरी माझी मुलगी आहे. आज पाच वाजता तुमची सभा आहे, नोटीस फेटाळायची म्हणून. त्याआधी दादा हे पत्र तुझ्या हातात देईल. सगळं वाच. लहानपणी तू प्रत्येक गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचायचीस आणि मग आईशी भांडायचीस, की यात मजाच राहिली नाही. आज तसं करू नकोस.

आपण डोंगरावर राहायला आलो तेव्हा तू आईच्या पोटात होतीस आणि दादा दुडूदुडू चालायचा. पाच गल्ल्या, एकीवर एक, उतार कापून जिन्यासारख्या काढलेल्या. आपली मधली, तिसरी. मागे दगडी संरक्षक भिंत, पुढे अंगण, आणि अंगणातून खालच्या गल्लीची छपरं. लोक म्हणायचे, हवा काय सुंदर आहे. मला हवेचं काही नव्हतं, मला काम दिसत होतं. नवी वस्ती म्हणजे नवी दारं. त्या गल्लीतली सत्तावीसपैकी एकोणीस दारं माझ्या हातची आहेत, हे तुला पाठ आहे, मीच ते शंभरदा ऐकवलंय. पण एक गोष्ट तुला माहीत नाही. मला काम शिकवलं त्या मिस्त्रींची एक शिस्त होती. दार अडलं, रंधा मारला, की दाराच्या माथ्यावर, म्हणजे वरच्या काठावर, पेन्सिलीनं तारीख आणि किती सूत तासलं ते लिहायचं. आठ सुतांचा एक इंच, हे तुला सांगायला नको, पाढ्यांआधी तू ते शिकलीस. मिस्त्री म्हणायचे, पुढच्या वेळी जो सुतार येईल त्याला कळलं पाहिजे आपण किती खाल्लंय. दाराच्या माथ्यावर कोणाची नजर जात नाही. तिथे फक्त कोळी आणि सुतार जातात.

सात वर्षांपूर्वी शिवणकामवाल्या काकूंनी मला पहिल्यांदा बोलावलं. त्यांचं दार कडीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात घासत होतं. तासून दिलं. म्हटलं, लाकूड फुगतं हो काकू, पावसाळा आहे. महिन्याभरात शेजारच्या घराचं. मग पलीकडचं. लोक चहा पाजायचे, कौतुक करायचे, बाबांचा हात फिरला की दार लोण्यासारखं सरकतं म्हणायचे. मलाही ते गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू. पुढच्या वर्षी तीच दारं पुन्हा अडली, आणि यावेळी भर उन्हाळ्यात. लाकूड फुगतं ते ओलाव्यानं, आणि सुकलं की आपल्या जागी येतं. उन्हाळ्यात फुगत नाही. आणि एकोणीस दारांची लाकडं वेगळी, वयं वेगळी, तरी सगळी एकाच कोपऱ्यात अडायची, कडीच्या बाजूला, वर. म्हणजे सगळ्या चौकटी एकाच दिशेला कलत होत्या. मी गुण्या लावून बघितला. काटकोन राहिला नव्हता. ओळंबा सोडला, तो भिंतीपासून बोटभर लांब जाऊन लटकला. मी ओळंबा गुंडाळला, पिशवीत टाकला आणि दार तासलं. हातात रंधा असलेल्या माणसाला प्रत्येक गोष्ट तासण्यासारखी दिसते. मी लोकांची दारं नीट करतोय असं समजत होतो, आणि एकोणीस घरांचा आवाज बंद करत होतो.

त्या भिंतीचंही सांगतो, कारण ते माझ्याच माथी आहे. मागच्या दगडी भिंतीत हातभर अंतरावर भोकं होती, आठवतं? तुम्ही पोरं त्यात गोट्या लपवायचात. त्यातून बारा महिने पाणी ठिबकायचं, गल्लीत शेवाळ धरायचं. तुझी आई एकदा त्यावरून घसरली आणि सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये होती. तेव्हा गल्लीनं ठरवलं की भोकं बुजवायची. सिमेंट टिकेना, पाणी ते ढकलून द्यायचं. मग मी पुढे झालो. पक्क्या लाकडाची बेचाळीस बुचं कातली आणि हातोडीनं ठोकून बसवली. दोन दिवसांत ती भिजून अशी फुगली की थेंब बाहेर यायचा बंद झाला. लाकूड फुगतं हे माझं वाक्य आयुष्यात तिथेच काय ते खरं ठरलं. गल्ली कोरडी ठणठणीत झाली. मला शाल दिली, फोटो काढला, तो तुझ्याकडेच असेल. पुढच्या पावसाळ्यात भिंतीला मधोमध पोट सुटलं. मी ते बघितलं आणि नजर वळवली.

मागच्या हिवाळ्यात माती तपासणाऱ्या बाई आल्या होत्या, त्यांना तू ओळखतेस. पिवळं हेल्मेट, आणि सारख्या शिंकायच्या. त्यांनी गल्लीच्या टोकाला खोल भोक पाडून एक नळी उभी पुरली. त्यांना शिडी हवी होती, ती मी दिली आणि मग तिथेच रेंगाळलो. बाई मोकळ्या स्वभावाच्या. मी सुतार आहे म्हटल्यावर त्यांनी मला माझ्या भाषेत सांगितलं. म्हणाल्या, काका, खाली खडक आहे, तो तिरका. त्यावर चिकट मातीचा एक पातळ थर, आणि त्यावर तुमची गल्ली, घरांसकट, भरावासकट. दोन तिरक्या फळ्यांमध्ये ओला साबण ठेवलाय असं समजा. कोरडं असेपर्यंत वरची फळी बसून राहते. पाणी मुरलं की मातीचे कण एकमेकांना सोडायला लागतात, वरचं वजन पाण्यानं वाढतं, आणि फळी सरकते. एका दिवसात नाही. वर्षाला केसभर, मग बोटभर. खालचा पायथा हा डोंगराचा टेकू असतो, आणि रस्ता रुंद करताना तुमच्या डोंगराचा टेकूच कापलाय. वरच्या झाडांची मुळं माती धरून होती, ती गेली. फुटक्या पाइपांचं पाणी, शोषखड्ड्यांचं पाणी, सगळं आत जातंय. आणि बाहेर कुठून येतंय, असं त्यांनी मला विचारलं. भिंतीला भोकं दिसत नाहीत, ठेवली नव्हती का? मी म्हणालो, मला माहीत नाही. बेचाळीस बुचं माझ्या पाठीमागे दोन हातांवर होती, शेवाळानं हिरवी झालेली, आणि मी त्या बाईंना म्हणालो मला माहीत नाही.

मग त्यांनी बोटानं एकेक दाखवलं. विजेचे खांब खालच्या बाजूला कललेले. अंगणातल्या झाडांची खोडं बुंध्याशी वाकून पुन्हा सरळ झालेली, कारण जमीन सरकते तशी ती स्वतःला सावरत वाढतात. पायऱ्या घरापासून सुटलेल्या. म्हणाल्या, लोकांना सगळ्यात आधी दारं सांगतात. दारं अडायला लागली की समजायचं. तुमच्याकडे दारांचं काय? मी म्हणालो, दारं एकदम छान चालतात. त्यांनी वहीत तसं लिहिलं. ते लिहिताना मी त्यांच्या पेनाकडे बघत होतो. 

त्यानंतर दोन महिन्यांनी माझे गुडघे दुखायला लागले. तू किती हळहळलीस. तेल आणलंस, पट्टे आणलेस, डॉक्टरांशी भांडलीस की यांच्या एक्स-रेत काहीच कसं दिसत नाही. एक्स-रेत दिसणार कसं, भिंगरी? माझे गुडघे तुझ्या गुडघ्यांहून चांगले आहेत. इथे दादाच्या इमारतीचे चार मजले मी रोज दोनदा चढतो, कारण लिफ्टमध्ये जीव घुसमटतो. मला चढ झेपत नव्हता असं नाही. मला त्या घरात झोप येत नव्हती. मी पडल्या पडल्या छताकडे बघत राहायचो. तुझी आई गेल्यापासून मी एकटाच त्या खोलीत, आणि भिंतीत बारीक टकटक व्हायची, नखानं काच वाजवल्यासारखी. मी पळालो. सपाट जमिनीवर येऊन बसलो, आणि तू बाजूच्याच तुझ्या घराच्या दारात उभी राहून हात हलवत होतीस, कडेवर माझी नात टिकली. मी मागे वळून बघितलं नाही, तर तू दादाला म्हणालीस की बाबांना भरून आलं. मला लाज वाटत होती.

इथली बातमी विचारशील तर सगळे बरे आहेत. वहिनीनं बाल्कनीत पुदिना लावलाय, दादाचा टेम्पो नवा रंग लावून आलाय. मी मात्र कोणाच्या कामाचा उरलेलो नाही. पावसाचा जोर वाढला की खिडकीशी जातो आणि वहिनी म्हणते, मामंजी, खिडकी घासून पातळ होईल. परवा टिकलीनं फोन घेतला, तू आंघोळीला गेली होतीस. चार वर्षांची पोर, तिला काय लपवायचं. म्हणाली, आजोबा, माझा चेंडू आपला आपण दाराकडे जातो. म्हटलं, तू ढकलत असशील. म्हणाली, नाही, मी त्याला रागावते तरी जातो. मग म्हणाली, आणि दार उघडत नाही, बाबा खांद्यानं ढकलतात, धाडकन. 

मग मीच माती तपासणाऱ्या बाईंना फोन केला, नाव सांगितलं नाही, डोंगरावरचा आहे एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या, काका, त्या नळीत उपकरण सोडलं की ते अठ्ठावीस फुटांवर अडकतंय, खाली जातच नाही. नळी तिथे वाकलीय. म्हणजे त्या खोलीवर वरचं सगळं खालच्यापासून सुटलंय. आणि वरच्या बाजूला झरा फुटलाय, त्याला गढूळ पाणी आहे, म्हणजे आतून माती वाहतेय. अजून दोन दिवस असा पाऊस राहिला तर मी काही सांगू शकत नाही. पुढे त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, बाकीच्या चारही गल्ल्या उठल्या, पण तिसरी ऐकत नाही हो. तिथल्या सेक्रेटरीबाई म्हणतात, चाळीस वर्षं दारं केलेला एक जुना सुतार आहे, त्यानं सांगितलंय की लाकूड फुगतं, दुसरं काही नाही. कोण आहे तो सुतार, तुम्हाला ठाऊक आहे का? त्यांना माझा आवाज ओळखीचा वाटत होता, पण नाव जोडलं नव्हतं. मी म्हणालो, ठाऊक आहे. मी त्याला सांगतो.

आता तुझ्या दारावर येतो. तीन वर्षांपूर्वी जावईबापूंना दुसऱ्या शहरात चांगली नोकरी मिळत होती. तुम्ही जायचं ठरवत आणलं होतं. पायरीला भेग पडली होती, दार घासायला लागलं होतं, आणि तू माझ्याकडे येऊन सरळ विचारलंस, बाबा, जमीन हलतेय का? तुम्ही म्हणाल तसं करू. मी म्हणालो, वेडी का काय, लाकूड फुगतं. तुम्ही राहिलात. मला तुम्ही राहायला हवे होतात. तुझी आई जाऊन चार महिने झाले होते, टिकली रांगायला लागली होती, आणि तुम्ही गेलात तर मी त्या भिंतींशी काय बोलणार होतो. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. त्यानंतर तू शाळेत आणि जावईबापू कामावर असताना, माझ्याकडच्या किल्लीनं, मी चारदा तुझं दार उतरवलं. वरच्या कोपऱ्यात तासलं, खाली फट दिसू नये म्हणून पट्टी चिकटवली, आणि तासलेल्या कोपऱ्याला रंग मारला. एकदा तुला रंगाचा वास आला होता, मी म्हणालो, बिजागरीला तेल घातलंय. तू मला थँक्यू म्हणालीस. चौथ्यांदा तासलं ते मी घर सोडण्याच्या आदल्या दिवशी.

म्हणून हे पत्र. आधी स्टुलावर चढ आणि तुझ्या दाराच्या माथ्यावरची धूळ पूस. तिथे चार तारखा आहेत, माझ्या अक्षरात, आणि पुढे दोन, तीन, पाच, नऊ सूत. बेरीज तू माझ्याआधी करशील, आणि प्रत्येक वेळी आकडा कसा वाढत गेला तेही मला आधी तुलाच दिसेल. मग टेप घे आणि दाराचे दोन्ही कर्ण मोज. तू मुलांना शिकवतेस, आयताचे कर्ण सारखे असतात. तुझ्या दाराचे नाहीत, निदान तीन बोटांचा फरक येईल. तुझ्या बापानं ते दार डोंगराच्या मापानं कापलंय. ते मोजून झालं की हे पत्र घेऊन सभेला जा आणि गल्लीसमोर पहिल्या ओळीपासून वाच, बुचांचं, गुडघ्यांचं, सगळं. लोक इंजिनियरचं ऐकत नाहीत, माझं ऐकतात, तर आता माझंच ऐकू दे. कोणी म्हणालं की बुचं उपटून पाणी सोडू या, तर कोणालाही त्या भिंतीखाली उभं राहू देऊ नकोस. आणि निघेपर्यंत प्रत्येकाला आपलं दार बिजागरीवरून काढून भिंतीला टेकवून ठेवायला सांग, कारण चौकट आणखी कलली तर ते आतून उघडणार नाही. मी आयुष्यभर दारं बसवली, काढा असं पहिल्यांदाच सांगतोय. तू हे वाचतेयस तेव्हा दादानं टेम्पो गल्लीच्या तोंडाशी लावलाय आणि तो एकटा आलेला नाही. पुढच्या सीटवर, काच खाली करून मी बसलोय. तू वाचायला उभी राहशील तेव्हा मी चढून वर येईन आणि तुझ्या शेजारी उभा राहीन, म्हणजे लोकांना शिव्या द्यायला माणूस समोर असेल. आणि तू टिकलीला घेऊन निघाली नाहीस, तर मी तुझ्या घरात येऊन बसेन, त्या दारासमोर, आणि तू निघेपर्यंत उठणार नाही. माझे गुडघे छान आहेत.

तुझाच, घाबरलेला आणि तरी चढ चढून आलेला,
बाबा